वंशावळीतील न लिहिलेला रकाना



वंशावळ म्हटली की आपणांस कुल आणि मूळ गाव आठवते. तिच्यात न लिहिल्या जाणाऱ्या एका गोष्टीविषयी मी आज बोलणार आहे.

१८९५ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील विकृतिशास्त्रज्ञ ऑल्ड्रेड वॉर्थिन यांस त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितले, की आमच्या घराण्यातील पुष्कळ माणसे कर्करोगाने गेली, मीही तशीच जाईन. पुढे ती गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगानेच वारली. वॉर्थिन यांनी तिचे बोलणे हसण्यावारी नेले नाही. त्या घराण्याची माहिती जमवून १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. पुष्कळ वर्षांनी त्याच घराण्यात एमएसएच-२ या जनुकाचा दोष आढळला.

बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात; एक मातेची, एक पित्याची. पेशीचे विभाजन होताना आनुवंशिक मजकुराची नक्कल होते आणि तीत चुका राहतात. एमएसएच-२ त्या दुरुस्त करण्यास साह्य करते. एक प्रत जन्मतः सदोष असली तरी दुसरी काम निभावते; एखाद्या पेशीत तीही बिघडली, की चुका साचू लागतात. मग पीटेनसारखे जनुकही त्यांत सापडते. पीटेन वाढीच्या संदेशास आवर घालते. ते निकामी झाले, की पेशी थांबण्याची आज्ञा मानीत नाही आणि मरणाची वेळ येऊनही मरत नाही.

बहुतेक रुग्णांत हा रोग आनुवंशिक नसतो. परंतु जेथे असतो, तेथे प्रत्येक अपत्यास, मुलगा असो वा मुलगी, दोष मिळण्याचा संभव निम्मा असतो. तो पित्याकडूनही येतो. म्हणून केवळ सुनेच्या माहेरास बोल लावणे अन्यायाचे होय.

मुलीचे लग्न अडेल या भयाने आपण आजीचा, आत्याचा आजार दडवितो. त्या मौनाची किंमत पुढे तीच मुलगी देते. घरात गर्भाशयाचा वा मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असल्यास तो कोणास, कोणत्या वयात झाला हे लिहून ठेवा आणि डॉक्टरांस सांगा. पाळी गेल्यानंतर थोडेही रक्त गेले, तर संकोच न करता तपासणी करून घ्या; वेळीच ओळखलेला हा रोग बहुधा बरा होतो.

एका शिवणकाम करणाऱ्या बाईने जे धैर्य दाखविले, ते आपणही दाखवावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.