उकिरड्यावर ट्यूबलाइट नको

(खुलताबाद येथे शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आल्याच्या लागवडीवर बोलणारा माणूस आज ट्यूबलाइटवर का बोलतो, असे आपणांस वाटेल. पण विषय शेणखताचाच आहे. आल्याच्या गादीवाफ्यांना आपण भरपूर शेणखत देतो. ते उकिरड्यातून येते आणि घरातली बंद पडलेली ट्यूबलाइटही उकिरड्यावरच जाते. लहानपणी मीही अशा नळ्या दगडाने फोडल्या आहेत. फट्ट आवाज होई, पांढरा धूर उडे, आम्ही हसत असू. तो धूर नव्हता. ती पारा चिकटलेली भुकटी होती.

ट्यूबलाइट व सीएफएल दिव्यात पाऱ्याची वाफ असते. वीज गेली की तिच्यातून अतिनील किरण निघतात व काचेच्या आतील भुकटी त्यांचा उजेड करते. सीएफएलमध्ये साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम पारा असतो, जुन्या चार फुटी नळीत त्याहून जास्त. एका नळीने रान नासत नाही, हे खरे. पण पारा शेणासारखा कुजत नाही. शिवाय खत पसरताना काच हातापायांत घुसते, ती वेगळीच.

पारा शेतीला नवा नाही. पूर्वी उसाच्या बेण्याला पारायुक्त बुरशीनाशक वापरत. इराकमध्ये १९७१-७२ साली असे औषध लावलेले बियाणे दळून खाल्ल्याने शेकडो माणसे दगावली. आपल्याकडे मिथॉक्सी इथाइल मर्क्युरी क्लोराईड या औषधावर २०१८ मध्ये बंदी आली. बेण्यातून काढलेला पारा उकिरड्यातून पुन्हा शेतात कशाला आणायचा?

म्हणून पुढील काळजी घ्यावी :

१) बंद पडलेली नळी फोडू नये, जाळू नये. नव्या नळीच्या पुठ्ठ्यात घालून मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी. धान्याच्या खोलीत ठेवू नये.

२) घरात नळी फुटली तर पंखा बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. मुलांना बाहेर न्यावे व पंधरा मिनिटे थांबावे. झाडू मारू नये, त्याने पारा पसरतो. काचा पुठ्ठ्याने गोळा कराव्यात, भुकटी चिकटपट्टीने टिपावी, जागा ओल्या कागदाने पुसावी. हे सर्व झाकणाच्या बरणीत भरावे व हात साबणाने धुवावेत.

३) तांब्यासाठी चोक जाळू नये. टोप्यांच्या ॲल्युमिनियमसाठी नळी फोडणाऱ्या भंगारवाल्याला ती देऊ नये.

नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रात नळ्या बंदिस्त यंत्रात फोडतात. काच, ॲल्युमिनियम व भुकटी वेगळी होते आणि भुकटी तापवून पारा परत मिळवितात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ट्यूबलाइट व सीएफएल घरगुती घातक कचऱ्यात धरले. ई-कचरा नियमांनी अशा दिव्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. मात्र एकेका नळीसाठी कोणी वाडीवर येणार नाही. वस्तीतल्या दहा घरांनी मिळून एक लाकडी खोके ठेवावे, ते भरले की ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेमार्फत अशा केंद्राकडे पाठविण्याचा आग्रह धरावा.

आता घरोघर एलईडी दिवे लागत आहेत. त्यांत पारा नसतो, ही चांगली गोष्ट. पण त्यामुळेच माळ्यावरच्या जुन्या नळ्या एकदम बाहेर निघतील. त्या कोठे जातात, यावर लक्ष ठेवणे आपल्याच हाती आहे. आज घरी गेल्यावर आधी उकिरडा पाहा. एखादी नळी सापडली तर सांभाळून उचला. पुढचे खत निर्धोक होईल.