लोखंडी नांगराची दोन वर्षे

नवे यंत्र बाजारात आले म्हणजे कारखानदार बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो असा, की हे यंत्र आपल्याला बनवता येईल काय? ते घेणार कोण आणि कशासाठी, हा प्रश्न त्याला मागाहून सुचतो आणि पुष्कळदा फार उशिरा सुचतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांना हा दुसरा प्रश्न बेळगावात भरपूर किंमत देऊन शिकावा लागला.

लक्ष्मणरावांचा जन्म 1869 साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. संगीत नाटकामुळे जे आडनाव महाराष्ट्राच्या तोंडी झाले होते, त्याच आडनावाने पुढे भट्टी पेटवली, हा एक योगायोगच. मुंबईस ते चित्रकला शिकावयास गेले. पण रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळल्यावर ते यंत्ररेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिक्षक झाले. 1888 मध्ये बेळगावात बंधू रामूअण्णांसह सायकलींचे दुकान निघाले. सायकल विकायची तर ती चालवायलाही शिकवावे लागे. वस्तू नवी असली की तिच्या वापराची विद्याही विक्रेत्यालाच पुरवावी लागते, हा धडा तेथे मिळाला.

नोकरी सोडून ते बेळगावास परतले आणि दोघा भावांनी छोटासा कारखाना काढला. त्यातून प्रथम कडबा कापण्याचे यंत्र बाहेर पडले. अख्खा कडबा गुरांपुढे टाकला तर ती पाला खातात आणि जाड ताटे तुडवतात. बारीक केला तर वैरण वाया जात नाही. हा लाभ शेतकऱ्याला गोठ्यात त्याच दिवशी डोळ्यांनी दिसत असे.

1903 मध्ये आलेल्या लोखंडी नांगराची गोष्ट मात्र निराळी. लाकडी नांगर जमीन चिरतो, लोखंडी नांगर ती उलटवतो. काळ्या रानातील खोल गेलेली हरळी उपटून काढायला त्यासारखे साधन नव्हते. तरीही लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी समजूत होती, आणि पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. त्या समजुतीला आज हसणे सोपे आहे. पण शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर तिच्याखाली एक व्यवहारी शंकाही दडलेली दिसते. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो संध्याकाळपर्यंत नीट करून देई. ओतीव लोखंडाचा फाळ ऐन हंगामात तुटला तर जायचे कोणाकडे? नवे अवजार घेणारा माणूस केवळ अवजार घेत नाही. ओळखीच्या बलुतेदाराला सोडून तो दूरच्या कारखान्याच्या भरवशावर जाऊन बसतो. फाळ आणि सुटे भाग मागताक्षणी मिळतील ही खात्री पटेपर्यंत नांगर खपणे कठीण होते.

हा जम बसत होता तोच नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी जागा हवी झाली आणि कारखान्याला बेळगाव सोडावे लागले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रेल्वे स्थानकाजवळची निवडुंगाने भरलेली माळजमीन आणि कर्जाऊ रक्कम दिली. 1910 च्या मार्चमध्ये तेथे मुक्काम हलला व किर्लोस्करवाडी उभी राहिली. एका गावाने गमावलेला धंदा दुसऱ्या संस्थानाने असा उचलला.

पुढील वाटचालीत यंत्रे बदलत गेली, गिऱ्हाईक फारसे बदलले नाही. नांगरणाऱ्यालाच उसाचा चरक लागला. मोटेने पाणी काढून थकलेल्या त्याच बैलांच्या धन्याला पंप लागला, आणि पंपाला इंजिन लागले. 1926 च्या सुमारास पंप आले. 1941 मध्ये यंत्रे बनवणारी यंत्रे करण्यासाठी हरिहरचा कारखाना निघाला, आणि 1946 मध्ये पुण्यास तेलइंजिनांचा व बंगळूरला विजेच्या मोटरींचा. एका वस्तूवर जीव न जडवता एका माणसाच्या गरजेमागे जाणे, असे या धोरणाचे वर्णन करता येईल.

याच जिल्ह्यात, पुणे-बंगळूर हमरस्त्यावरील निपाणीत, यंत्रयुगाला दिलेले उत्तर अगदी वेगळे होते. सिगारेटचे यंत्र जगभर पसरले तरी विडी हातानेच वळली जात राहिली, आणि हातच्या विडीवरील हलक्या करानेही त्याला हातभार लावला. 1966 च्या विडी कामगार कायद्याने कामाचे तास व रजा ठरवून दिल्यावर देशभर अनेक विडी कारखानदारांनी काम कंत्राटदारामार्फत घरोघर वाटणे पसंत केले. धंदा टिकला खरा. पण न बदलण्याचा खर्च वखारीत धूळ गिळत तंबाखू निवडणाऱ्या बायांनी आणि पिकवणाऱ्याने सोसला. 1981 मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी निपाणीच्या हमरस्त्यावर बसले, तेव्हा झालेल्या गोळीबारात माणसे मेली. यंत्र टाळणे हेही एक धोरणच असते. त्याचा हिशेब कोणाच्या नावे पडतो, एवढे मात्र पाहिले पाहिजे.

किर्लोस्कर गेले तरी बेळगावातली भट्टी विझली नाही. उद्यमबागेत आणि भोवताली बिडाच्या ओतकामाचे कारखाने पुढे उभे राहिले. पंपांची कवचे आणि इंजिनांचे सुटे भाग तेथे ओतले जातात. आता रस्त्यावर विजेवर चालणाऱ्या मोटारी येत आहेत. त्यांना इंजिनाचा ठोकळा लागत नाही. त्यांच्या मोटरीला कवच लागते, पण ते पुष्कळदा ॲल्युमिनियमचे असते. आणि येथील भट्ट्या, साचे व कारागिरांचा हात बिडाच्या ओतकामाला सरावलेला आहे. विहिरीवरच्या पंपाला मात्र अजून बीडच लागते.