शेवटच्या आजारांत आपल्या वतीनें कोण बोलणार?

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या वडीलधाऱ्यांच्या मेळाव्यांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या आनंदांत मी मरणाची गोष्ट काढीत आहें, याबद्दल क्षमा असावी. एड्सच्या विषाणूसह जगणारे वृद्ध आपल्या समाजांतही आहेत. ते गप्प असतात, म्हणून आपणांस दिसत नाहींत. सन २००४ पासून सरकारी केंद्रांतून ह्या रोगाचीं औषधें विनामूल्य मिळूं लागलीं, आणि पूर्वीं जे चाळिशींतच गेले असते ते आज साठी-सत्तरी पाहत आहेत. देवाची केवढी कृपा! मात्र हृदयाचे व मूत्रपिंडाचे विकार, विस्मरण, हीं वार्धक्याचीं दुखणीं त्यांस पुष्कळदां लवकर गांठतात.

पूर्वीच्या एका धर्मग्रामांत असे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे होते. (गांवाचें नांव सांगत नाहीं, आणि हें कुमसारांतलें नव्हे, हेंही सांगून ठेवतों.) रोगाची गोष्ट त्यांनीं एका मित्रास व मला, वचन घेऊन, सांगितली होती. दहा वर्षें तो मित्रच त्यांच्या गोळ्या आणीत असे. पुढें पक्षाघातानें त्यांची वाचा गेली. पुतणे धांवत आले. मित्रास दाराबाहेर उभें केलें. नेहमींच्या गोळ्या बंद पडल्या, कारण डॉक्टरांस सांगणार कोण? आपल्या घरीं मरण यावें, ही त्यांची इच्छा मित्रास ठाऊक होती. तीन आठवडे ते यंत्रावर राहिले. मीं रुग्णाभ्यंग दिला आणि मान खालीं घालून परतलों. ते धडधाकट असतां, "तुमच्या वतीनें कोण बोलणार?" एवढें मीं कधीं विचारलें नव्हतें. खरें सांगावयाचें तर मलाच लाज वाटत होती.

आज यावर उपाय आहे. सर्वोच्च न्यायालयानें सन २०१८ मध्यें असें वैद्यकीय इच्छापत्र मान्य केलें व सन २०२३ मध्यें त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करावी, नोटरीकडून वा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन घ्यावें, आणि आपण असमर्थ झालों तर निर्णय कोणीं घ्यावा त्याचें नांव लिहावें. मन बदलल्यास तें रद्दही करतां येतें. त्यांत रोगाचें नांव लिहिलेंच पाहिजे असें नाहीं. साक्षीदारांस तें कळण्याचें कारण नाहीं. सन २०१७ च्या कायद्यानें तें रोग्याच्या संमतीविना सहसा उघड करतां येत नाहीं. परंतु नेमलेल्या माणसास तरी रोग, गोळ्या व औषधकेंद्र हीं आजच सांगून ठेवावीं.

"फादर, ही आत्महत्या नव्हे काय?" असें एका आजीबाईंनीं मला विचारलें. नव्हे. पोप बारावे पायस यांनीं सन १९५७ मध्यें डॉक्टरांपुढें सांगितलें कीं, प्राणरक्षणार्थ साधारण उपाय योजणें हें कर्तव्य आहे. असाधारण उपायांची सक्ती नाहीं. मरण ओढवून आणणें निराळें, निष्फळ उपचार नाकारणें निराळें. वेदना शमवाव्या, धर्मगुरूस बोलवावें, हेंही इच्छापत्रांत अवश्य लिहावें.

पुढील महिन्यापासून दर रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर मी धर्मगुरुनिवासांत बसेन. एक वकीलही येणार आहेत. दार लावून बोलूं. रोगाचें नांव मी कोणास विचारणार नाहीं.