नवव्या महिन्याचा डोस

मेंदूज्वरात ताप येतो, उलट्या होतात, मान आखडते, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते नवव्या महिन्याच्या डोसाबद्दल.

हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली मेंदूज्वराची लस डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत द्यायला सुरुवात झाली. पुढे सेनेगलपासून इथिओपियापर्यंत 'ए' गटाच्या जंतूच्या साथी जवळपास थांबल्या. लस चांगली होतीच, पण १ ते २९ वर्षांच्या माणसांना गावोगाव जाऊन गाठलं, हे विसरू नका.

आपल्याकडेही प्रश्न असाच गाठण्याचा आहे. आपल्या बाळांना मेंदूज्वर करणाऱ्या हिब आणि न्यूमोकोकस या जंतूंपासून जपायचं आहे. हिबची लस पेंटाव्हॅलंटमध्ये असते. न्यूमोकोकसची पीसीव्ही महाराष्ट्रात २०२१ पासून सरकारी लसीकरणात मोफत मिळते: सहाव्या आठवड्यात, चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात. पहिले दोन डोस होतात. मग मधे जवळपास पावणेसहा महिने जातात. धानोरीतलं बांधकाम संपतं, मजुराचं कुटुंब वाघोलीला जातं, कार्ड गावी राहतं, आणि आशाताईंच्या यादीत नुसतं नाव उरतं.

अशी सुटलेली नावं शोधायची कशी, ते वारीत पाहा. आपल्या विश्रांतवाडीवरून माउलींची पालखी जाते. तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात, सारा तळ गप्प होतो आणि हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंचा पुकारा होतो. एवढ्या लाखोंच्या मेळ्यात साध्या पिशवीचाही पुकारा होतो. मग डोस चुकलेल्या बाळाचा पुकारा कोण करणार? विश्रांतवाडीतून गेलेलं नाव वाघोलीच्या तळावर पुकारलं गेलं पाहिजे, चाकणला गेलं तर चाकणच्या. महापालिका आणि जिल्हा परिषद या एकाच वारीतल्या दिंड्या आहेत, त्यांनी याद्या एकमेकींना द्यायलाच हव्यात. मेंदूज्वर रोखण्याचं नियोजन मी यालाच म्हणतो.

पुन्हा सांगतो, नववा महिना. गोवर-रुबेलाची लस त्याच भेटीत मिळते, म्हणजे एका खेपेत दोन कामं. बाळ ठणठणीत आहे म्हणून टाळू नका, आयांनो. लस आजार होण्याआधीच द्यायची असते!

वेळ संपल्याचा दिवा लागलाय. एवढंच ऐका: कार्ड हरवलं असलं तरी दवाखान्यात या. पहिला डोस वर्षाच्या आत झाला असेल, तर राहिलेले उशिरानेही देतात.