हिरवी वायर थोडी लांब ठेवा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू आयुष्यभर काय केलंस ते दहा-पंधरा मिनिटांत सांग." डॉक्टर झालेल्यांना हे सोपं जातं, बँकेत गेलेल्यांना त्याहून सोपं. माझी पंचाईत अशी की मी चाळीस वर्षं वायरीचं टोक धरून ठेवण्याचं काम केलं. हसू नका, खरंच सांगतो. एका बाजूला वायर, दुसऱ्या बाजूला यंत्र, आणि मधे जो अंगठ्याएवढा तुकडा असतो त्याला कनेक्टर म्हणतात. तो मी काढायचो. काढायचो म्हणजे ड्रॉइंग बोर्डावर, नंतर कॉम्प्युटरवर.

या तुकड्याची कामं दोन. एक, वीज किंवा सिग्नल इकडून तिकडे नेणं. दुसरं, वायर घट्ट धरणं, म्हणजे कुणी ओढली, कुणाचा पाय अडकला, वाऱ्याने हलली, तरी ताण आतल्या जोडावर येऊ नये. पहिल्या कामाचं सगळ्यांना कौतुक असतं. दुसऱ्याकडे कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं, आणि आज त्याचीच गोष्ट सांगायला उभा आहे.

आधी केबलबद्दल थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. टीव्हीला येणारी ती गोल काळी केबल, तिला कोअॅक्सियल म्हणतात. मधे तांब्याचा गाभा, त्याभोवती पांढरं प्लास्टिक, त्यावर तारांची जाळी, आणि वर काळं आवरण. या रचनेचं पेटंट इंग्लंडमध्ये ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८० साली घेतलं. हा माणूस सोळाव्या वर्षी शाळा सोडून पुढे तार कंपनीत लागलेला होता. मागच्या बाकांवरच्यांनी लक्षात ठेवावं.

या केबलची गंमत अशी की सगळा खेळ मापाचा आहे. टीव्हीची केबल ७५ ओहमची. आतलं प्लास्टिक भरीव पॉलिथिनचं असेल तर जाळीचा आतला व्यास गाभ्याच्या जाडीच्या साधारण साडेसहा पट ठेवावा लागतो. हे प्रमाण केबलभर सारखं हवं. कुठे केबल चेपली, दुमडली, की तिथून सिग्नलचा काही भाग मागे फिरतो. मग पडद्यावर वृत्तनिवेदिकेच्या शेजारी तिची सावली दिसते. आठवतात ना त्या सावल्या? आणि सिग्नल फारच कमी झाला की मुंग्या.

म्हणून कोअॅक्सियलचा कनेक्टर असा करावा लागतो की केबल धरली तर जाईल, पण चेपणार नाही. बीएनसी नावाचा एक कनेक्टर आहे. बेल लॅब्जचे पॉल नील आणि अॅम्फेनॉलचे कार्ल कॉन्सेलमन या दोघांच्या आडनावांवरून त्याचं नाव पडलं. त्यातला 'बी' म्हणजे बायोनेट. आपण पिनांचा बल्ब होल्डरमध्ये दाबून जरा फिरवतो, तीच युक्ती. टीव्हीवाल्या केबलला असतो तो एफ कनेक्टर. अमेरिकेत १९५० च्या दशकात एरिक विन्स्टन यांनी तो काढला. त्याला वेगळी पिनच नाही, केबलचा गाभा हीच पिन. म्हणूनच तो इतका स्वस्त झाला आणि घरोघरी गेला.

विजेच्या वायरीची तऱ्हा उलटी. तिथे मापाची एवढी नाजूक भानगड नाही, पण पकड ढिली राहिली की संकट. साधं गणित सांगतो. गीझरच्या प्लगमधून १६ अँपिअर वाहतायत. जोड ढिला झाला आणि तिथे फक्त एक दशांश ओहमचा रोध आला. सोळाचा वर्ग २५६, गुणिले एक दशांश, म्हणजे २५ वॅटच्या वर उष्णता. छोट्या सोल्डरिंग आयर्नमध्ये साधारण एवढीच असते. म्हणजे भिंतीतल्या सॉकेटमध्ये तुम्ही एक तापलेलं सोल्डरिंग आयर्न ठेवून आंघोळीला जाता!

तर कोअॅक्सियलला हळुवार धरायचं आणि विजेच्या वायरीला करकचून. या दोघी एकाच डब्यात आल्या की काय होतं, ती माझी गोष्ट.

१९९१ च्या आखाती युद्धानंतर गल्लोगल्ली केबल टीव्ही आला. गच्च्यांवरून, झाडांवरून, विजेच्या खांबांवरून काळ्या केबली पसरल्या. दर काही अंतरावर सिग्नल वाढवायला अॅम्प्लिफायरचा पत्र्याचा डबा लागायचा. भोसरीतल्या ज्या छोट्या कारखान्यात मी होतो, तिथे हे डबे बनवायची ऑर्डर आली. डब्यात दोन वायरी शिरणार, एक कोअॅक्सियल आणि एक २३० व्होल्टची वायर. त्यांना धरून ठेवणारा तुकडा मी काढायचा होता.

मी एक क्लॅम्प काढला. दोन खाचा, वर एक पट्टी, मधे एकच स्क्रू. स्क्रू पिळला की दोन्ही वायरी एकदम पकडल्या जायच्या. एक स्क्रू वाचला, एक भोक वाचलं, बसवायला निम्मा वेळ. मालक खूश, मी त्याहून खूश. स्क्रू किती पिळायचा ते मी कोअॅक्सियल बघून ठरवलं, कारण जास्त पिळला की चित्रात सावली यायची. विजेच्या वायरीला तेवढी पकड पुरेल असं मी धरून चाललो. नव्या वायरीवर ओढून बघितलं, सुटली नाही. आतल्या तिन्ही वायरी, लाल, काळी आणि हिरवी, एकाच मापाने कापायला सांगितल्या. काम सुटसुटीत दिसायला हवं ना!

त्या वर्षी गणपतीला गावी आलो तेव्हा एक डबा मिरवायला बरोबर आणला. आमच्याकडे मखराला लाइटिंग करायला आपल्याच वर्गातला एक मित्र आला होता. तुम्ही सगळे त्याला ओळखता. स्नेहसंमेलनाच्या दिवशी प्रयोगशाळेतल्या सॉकेटमध्ये तार घालून ज्याने अख्ख्या शाळेचा फ्यूज उडवला होता, तो आपला 'फ्यूज'. दहावीनंतर आयटीआयमध्ये वायरमन झाला. आज तिसऱ्या रांगेत बसलाय.

त्याने डबा हातात घेतला, उघडला, विजेची वायर दोन बोटांत धरून जरा हलवली आणि म्हणाला, "अरे, ही सरकतेय. आणि हिरवी एवढी ताणून का बसवलीस? सरांनी काय सांगितलं होतं?"

सरांनी काय सांगितलं होतं ते तुम्हालाही आठवत असेल. नववीत विज्ञानाच्या सरांनी प्रत्येकाकडून तीन पिनांचा प्लग जोडून घेतला होता. सर म्हणाले होते की अर्थिंगची पिन लांब असते, कारण प्लग आत जाताना ती सगळ्यात आधी लागावी आणि बाहेर येताना सगळ्यात शेवटी सुटावी. तसंच प्लगच्या आत हिरवी वायर इतर दोघींपेक्षा थोडी लांब, ढिली ठेवायची. कुणी वायर ओढलीच, तर आधी लाल-काळी तुटू देत. यंत्र बंद पडेल, पण माणूस वाचेल. हिरवी शेवटी तुटली पाहिजे.

मी फ्यूजला काय उत्तर दिलं? म्हणालो, "अरे बाबा, हे टेस्ट झालंय. इंजिनिअरिंगचं काम आहे, वायरिंगचं नाही." तो काही बोलला नाही. लाइटिंग लावलं, आरतीला थांबला, मोदक खाऊन गेला.

वायरीचं आवरण पीव्हीसीचं असतं. ते दाबाखाली, विशेषतः उन्हात, हळूहळू पसरतं, पातळ होतं. स्क्रू आहे तिथेच राहतो, पण पकड जाते. गच्चीवरच्या पत्र्याच्या डब्यात एप्रिल-मे महिन्यांत काय तापत असेल त्याची कल्पना करा. मी चाचणी केली होती ती थंड खोलीत, नव्या वायरीवर.

पुढच्या जूनमध्ये पहिल्या पावसात एका गच्चीवर आमचा डबा बंद पडला. त्याआधी दोन दिवस खालच्या घरातून तक्रार आली होती की टीव्हीची केबल हाताला लागली की झिणझिण्या येतात. केबलवाल्याचा मुलगा बघायला वर गेला. एकोणीस-वीस वर्षांचा. डब्याला हात लावला आणि फेकला गेला. कठड्यावर आपटला, हात दोन जागी मोडला. कठड्याच्या अलीकडे पडला म्हणून वाचला.

डबा माझ्या टेबलावर आला. मी उघडला तर सगळं समोर होतं. वायर वाऱ्याने हलून हलून पकडीतून सरकली होती. ताण आतल्या जोडांवर आला, आणि सगळ्यात जास्त ताणलेली हिरवी वायर आधी तुटली. मग पत्र्याच्या कडेवर घासून लालचं आवरण फाटलं आणि लाल डब्याला टेकली. अर्थिंग शाबूत असतं तर त्याच क्षणी फ्यूज उडाला असता. अर्थिंग नव्हतं, म्हणून डबा तसाच जिवंत राहिला. आणि कोअॅक्सियलची जाळी डब्यालाच जोडलेली, त्यामुळे तीच वीज केबलमधून घराघरांत डोकावत होती.

मी दवाखान्यात त्या मुलाला भेटायला गेलो. त्याने मला विचारलं, "साहेब, माझं काय चुकलं?"

मित्रांनो, त्याचं काही चुकलं नव्हतं. ड्रॉइंगवर सही माझी होती. ते मी त्याला तिथे सांगितलं, मालकांनाही सांगितलं. मालक सरळ माणूस. दवाखान्याचा खर्च त्यांनी केला आणि बाजारात गेलेले दीडशेच्या आसपास डबे परत बोलावले.

मग मी रात्रीच्या एसटीने गावी आलो आणि सकाळी फ्यूजच्या दुकानात जाऊन बसलो. त्याने "मी तुला सांगितलं होतं" असं एकदाही म्हटलं नाही. चहा मागवला आणि म्हणाला, "कागद काढ."

नवा डबा आम्ही दोघांनी ठरवला. दोन वायरींना दोन वेगळ्या पकडी. कोअॅक्सियलला क्रिम्पचा एफ कनेक्टर, जो आवरणाला चहूबाजूंनी सारखा धरतो, एका जागी चेपत नाही. विजेच्या वायरीला रबरी रिंग असलेला ग्लँड, म्हणजे पत्र्याची कड वायरीला लागतच नाही. हिरवी वायर इतरांपेक्षा चार सेंटिमीटर लांब. टोकांना सोल्डर लावून स्क्रूखाली दाबणं बंद केलं, कारण सोल्डरही मऊ, दाबाखाली पसरतं आणि जोड ढिला होतो. त्याऐवजी लग क्रिम्प करायचे. आणि वायरी डब्याच्या खालून शिरणार, शिरण्याआधी खाली झोळ देऊन. ही फ्यूजची सूचना. म्हणाला, "पागोळी कौलाच्या टोकालाच गळते ना? तसं पाणी झोळाच्या तळाशी गळू दे, डब्यात जाऊ देऊ नकोस." आपल्या कोकणातल्या माणसाला हे कुठल्या पुस्तकात वाचावं लागत नाही.

चाचणीही बदलली. वायरी पकडीत बसवून आधी भट्टीत तापवायच्या, गार करायच्या, असं बरेचदा करायचं, आणि मगच वजन टांगायचं. पुढे मी जे जे कनेक्टर काढले, त्यांचा पहिला नमुना या चाचणीतून गेल्याशिवाय सही केली नाही. आणि दर गणपतीला एक नमुना फ्यूजच्या हातात दिला. त्याने दोन बोटांनी हलवून बघितल्याशिवाय मला चैन पडत नसे.

तुमच्यासाठी एवढंच सांगतो. घरी गेल्यावर गीझर, इस्त्री, पंप यांचे प्लग वापरानंतर हात लावून बघा. गरम लागला तर वायरमनला बोलवा. प्लग काढताना प्लग धरा, वायर ओढू नका. काळी टेप म्हणजे पकड नव्हे. आणि वायरमन प्लग जोडत असेल तर त्याला विचारा, "हिरवी थोडी लांब ठेवलीस ना?" तो जरा चमकून बघेल, पण काम नीट करेल.

विज्ञानाचे सर आज आपल्यात नाहीत. त्यांनी पस्तीस मिनिटांच्या एका तासात जे शिकवलं ते मी विसरलो आणि फ्यूजने लक्षात ठेवलं. त्या गणपतीत तुझं ऐकलं असतं, तर एका पोराचा हात वाचला असता. हे मी तुला दुकानात एकट्यात म्हटलं होतं. आज सगळ्या वर्गासमोर म्हणतो, माझं चुकलं होतं, मित्रा.

जेवणाची वेळ झाली आहे, आणि मांडवातलं लाइटिंग कुणी केलंय ते मला माहीत आहे, त्यामुळे निर्धास्तपणे जेवा.