दीड फुटाचा सेकंद

सिनेमाचं संकलन आज संगणकावर होतं. पूर्वी ते खरोखर हातानं व्हायचं. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात आणि पडद्यावर सेकंदाला २४ सरकतात. म्हणजे एक सेकंद दीड फुटाचा! स्टीनबेक या संकलनयंत्राच्या टेबलावर फिल्म मागेपुढे फिरवायची, नेमक्या चौकटीवर मेणाच्या पेन्सिलीनं खूण करायची, स्प्लायसरवर कापायची, पारदर्शक टेपनं जोडायची. कापलेले तुकडे टांगून जपायचे, कारण त्यातल्याच दोन चौकटी उद्या परत लागतील. अशा हातानं होणाऱ्या संकलनाच्या काळातच, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकलेल्या रेणू सलुजा यांना ‘परिंदा’ या चित्रपटाच्या संकलनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो चित्रपट पुन्हा पाहाल, तेव्हा गोष्ट क्षणभर बाजूला ठेवा आणि दृश्य नेमकं कुठे तुटतं, तेवढंच पाहा.