वीतभर पुतळा आणि बेर्टाबाई
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आमच्या कपाटात वीतभर उंचीचा ब्राँझचा पुतळा आहे. मिशाळ गृहस्थ, अंगात कोट. भावोजींनी जर्मनीहून आणलेला. दर शनिवारी मी तो पुसते. हे कोण म्हणून विचारले, तेव्हा कळले की हे कार्ल बेंझ; १८८६ साली मोटारगाडीचे पेटंट यांनी घेतले. असतील बाई थोर, म्हटले! पण पुढे त्यांच्या पत्नीची, बेर्टाबाईंची हकीकत ऐकली आणि फडके हातातच राहिले.

लग्नाआधीच तिने हुंड्याचा पैसा त्यांच्या कारखान्यात घातला. गाडी झाली, पण लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा १८८८ च्या ऑगस्टात ही बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन गाडीतून निघाली. कुठे? माहेरी! मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभरएक किलोमीटर. वाटेत तेलाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून त्यांवर कातडे ठोकून घेतले. पेट्रोलपंप तेव्हा कुठले? विस्लॉख गावी औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतले; कपड्यांचे डाग काढायला वापरीत ते. चढावर मुलांनी गाडी ढकलली. पोचल्यावर नवऱ्याला तार! चढासाठी गाडीला आणखी एक गिअर हवा, हेही त्या प्रवासातूनच कळले.

आमच्याकडे पुतळा मात्र एकट्या कार्लसाहेबांचा. भावोजी दिवाळीनंतर पुन्हा जाणार आहेत. बाईंचा मिळाला तर आणा, असे सांगून ठेवले आहे. शेजारचा शिंपल्यांचा बंगला काढून जागाही केली आहे.